कोपऱ्यातला वूफर

कोयनानगरात स्पीकर घ्यायचा तर आधी स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी बघा. आमच्या दाजींनी साताऱ्याहून भलामोठा वूफर आणला आणि आवाजाची धमक वाढावी म्हणून क्वार्टरच्या कोपऱ्यात ठेवला. पहिल्याच दणक्याला ताटं थडथडली आणि ताई थेट अंगणात. तिथं भूकंपाची सवय; भांडी वाजली की माणसं आधी बाहेर पळतात, मग विचारतात.

"भांडी गप होतील तवाच मी आत येणार," ती म्हणाली.

मी मांडणीपाशी उभा राहिलो. दाजी म्हणाले, "वायर काढून वूफर भिंतीपासून लांब घेतो, मग परत लावतो. भांडी वाजली तर सांग."

जरा वेळानं घरघर झाली, ताटं थडथडली.

"दाजी, वाजत्यात. अजून पुढं घ्या."

बाहेरच्या खोलीतून दाजी हळू आवाजात म्हणाले, "गड्या, वायर अजून माझ्या हातातच हाय. भाईर पळ."