पुरिताच्या सात मिस्सा

सिस्टर फोर्तुनाता : मिस्सांचं रजिस्टर घेऊन जाते म्हणतेस, पण त्यात बघणार काय तुम्ही? तारीख आणि एका मुलीचं नाव. सत्तर वर्षं तेच चाललंय.

नेनिता : तेच बघायचंय त्यांना, सिस्टर. तुम्ही ती इस्त्री जरा बाजूला ठेवा.

सिस्टर फोर्तुनाता : वेदीचं कापड दमट असतानाच इस्त्री करावं लागतं. तू बोल, कान मोकळे आहेत माझे. युनिव्हर्सिटीचा खजिना सांभाळणाऱ्या बाई शनिवारी सकाळी चॅपलच्या मागच्या खोलीत येतात, म्हणजे माझा आल्याचा चहा प्यायला नक्कीच नाही.

नेनिता : बँकेनं मे महिन्याचं कर्ज अडवलंय.

सिस्टर फोर्तुनाता : कसलं कर्ज?

नेनिता : दर वर्षी काढतो ते. मुलं सुट्टीला घरी गेली की फी थांबते. ऑगस्टला परत येतात, तेव्हा कुठे यायला लागते, तीही हप्त्याहप्त्यानं. मधल्या महिन्यांत दोनशे चौदा माणसांचे पगार कुठून द्यायचे? युनिव्हर्सिटीची जमीन तारण ठेवतो, पैसे उचलतो, नाताळच्या आत फेडतो.

सिस्टर फोर्तुनाता : आमच्या वेळी नव्हतं असलं काही.

नेनिता : तुमच्या वेळी तुम्ही एकोणतीस सिस्टर होतात.

सिस्टर फोर्तुनाता : होतो खऱ्या. महिनाअखेर रांगेत उभं राहायचं, इतर मास्तरांसारखी पगारावर सही करायची, आणि त्याच टेबलावर पाकीट परत द्यायचं. सिस्टर कॉन्सोलासियोन परत देण्याआधी पाकीट हुंगायची. म्हणायची, वास तरी घेऊ दे.

नेनिता : त्या पाकिटांवर युनिव्हर्सिटी उन्हाळा काढायची. आता तुम्ही तिघी उरलात. त्यातल्या दोघी अंथरुणाला खिळलेल्या.

सिस्टर फोर्तुनाता : म्हणजे आम्ही म्हाताऱ्या झालो, हाही आमचाच दोष.

नेनिता : असं कुठे म्हणाले मी?

सिस्टर फोर्तुनाता : बरं, नाही म्हणालीस. जमिनीचं काय झालं ते सांग, इंदाय, माझ्या पोरी.

नेनिता : जमीन डॉन क्रिसान्तोंनी दिली, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?

सिस्टर फोर्तुनाता : पुरिताचे वडील. अकरा वर्षांची पोर टायफॉइडनं गेली त्यांची.

नेनिता : बक्षीसपत्रात एक अट आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, याच चॅपलमध्ये, पुरिताच्या आत्म्यासाठी फादरांनी मिस्सा करायला हवी. एका महिन्याचाही खंड पडला, तर जमीन वारसांकडे परत. त्यांचा नातू मनिलात वकील आहे. त्यानं बँकेला पत्र घातलंय, की कर्ज देण्याआधी मिस्सांचं रजिस्टर तपासा. बँकेची माणसं सोमवारी येतायत.

(सिस्टर फोर्तुनाता इस्त्री उभी करून ठेवतात.)

सिस्टर फोर्तुनाता : अशी अट होती?

नेनिता : तुम्हाला माहीत नव्हती?

सिस्टर फोर्तुनाता : सिस्टर इग्नासियानं मला या खोलीच्या किल्ल्या दिल्या, तेव्हा एवढंच म्हणाली, पुरिताला विसरू नकोस. मला वाटलं, कुणाची तरी लाडकी लेक असेल, म्हणून सांगतेय. जमिनीचं अवाक्षर काढलं नाही तिनं.

नेनिता : कागद आमच्या तिजोरीत आणि रजिस्टर तुमच्या कपाटात. आम्ही कधी रजिस्टर उघडलं नाही, तुम्ही कधी कागद पाहिला नाही. ज्यांना दोन्ही ठाऊक होतं, त्या सगळ्या मागे फणसाखाली पुरल्यात.

सिस्टर फोर्तुनाता : मग आज कशी उघडायची बुद्धी झाली?

नेनिता : आज नाही, काल. तुम्ही रोझरीला बसला होतात तेव्हा.

सिस्टर फोर्तुनाता : माझ्या कपाटातून.

नेनिता : हो. मला माफ करा.

सिस्टर फोर्तुनाता : म्हणजे बघितलंस तू.

नेनिता : तीन वर्षांपूर्वीचं पान. जून ते डिसेंबर. तारीख आहे, नाव आहे, आणि पुढे तुम्ही दर वेळी ‘झाली’ लिहिता, तिथे कोरं आहे. सात वेळा.

सिस्टर फोर्तुनाता : फादर वेन्सेस्लाओंना लकवा झाला ते वर्ष. बिशपांच्या घरी मी चार चिठ्ठ्या पाठवल्या. पाठवतो, पाठवतो म्हणाले. त्यांच्याकडे तरी कुठे होते फादर? एकेकाच्या गळ्यात तीन तीन गावं. मी आपली सकाळी तारीख लिहून ठेवायचे. वाटायचं, दुपारच्या बोटीनं येईल कुणी.

नेनिता : आणि नाही आलं की?

सिस्टर फोर्तुनाता : मेणबत्ती लावून बसायचे. तिचं नाव घ्यायचे. पण ती मिस्सा नव्हे, इंदाय. मी फादर नाही.

नेनिता : जानेवारीत मात्र सात दिवस ओळीनं तिचं नाव आहे.

सिस्टर फोर्तुनाता : नवे फादर आले, त्यांच्याकडून राहिलेल्या सगळ्या करून घेतल्या. पोरीची एकही मिस्सा बुडवली नाही मी.

नेनिता : म्हणजे देवाचं फिटलं.

सिस्टर फोर्तुनाता : देव थांबतो. तुझी बँक थांबत नाही, असंच ना?

नेनिता : आता सरळच बोलते. एकच शब्द आहे, सिस्टर. सात ठिकाणी लिहायचा.

सिस्टर फोर्तुनाता : हे बोलायला रात्रभर जागलीस वाटतं. डोळे बघ कसे झालेत.

नेनिता : काल पगाराची यादी काढली. पहिलं नाव भटारखान्यातल्या टेक्लाचं. तिचा नवरा डायलिसिसवर आहे. नर्सिंगची मुलं शेवटच्या वर्षाला आहेत, ती कुठे जातील? आणि झाडलोट करून फी भागवणारी साठ पोरं. जमीन गेली तर पहिली लाथ त्यांनाच बसणार.

सिस्टर फोर्तुनाता : तू याच चॅपलची फरशी पुसायचीस. पुसता पुसता झोपायचीस.

नेनिता : आणि तुम्ही मला उठवायचा नाहीत. स्वतः पुसून घ्यायचा. आई सुक्या माशांच्या टोपल्या विकायची, तिला महिनाभर विकूनही माझ्या एका विषयाची फी जमली नसती. तुमच्या त्या पाकिटांवर शिकले मी.

सिस्टर फोर्तुनाता : म्हणजे आता तूच वसुलीला आलीस.

नेनिता : असं नका ना बोलू.

सिस्टर फोर्तुनाता : त्या नातवाला खरं सांगितलं तर? मी जाते मनिलाला. सांगते, बाबा, म्हातारीची चूक झाली.

नेनिता : मी फोन करून नुसतं विचारलं त्याला, समजा एखादी मिस्सा राहिली असेल तर? चूक झाली असं तुम्ही लिहून द्या म्हणाला, लगेच. त्याला तिथे मॉल बांधायचाय. पुरिता कोण, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

सिस्टर फोर्तुनाता : सख्खी आत्या त्याची.

नेनिता : द्या, मीच लिहिते. माझं अक्षर तुम्हीच वळवलंय, कुणाला फरक कळणार नाही. पाप माझ्या माथी.

सिस्टर फोर्तुनाता : तुला दोन लेकरं आहेत. त्यांच्यासमोर उभं राहायचंय तुला. माझ्यामागे कोण आहे? ते पेन दे. ते नाही, काळ्या शाईचं, खणातलं.

नेनिता : सिस्टर, थांबा. मी उगाच आले. दुसरं काहीतरी बघू.

सिस्टर फोर्तुनाता : काय बघशील? असतं तर शनिवारी सकाळी इथे आली नसतीस. पान धर नीट.

नेनिता : जून... जुलै... सावकाश.

सिस्टर फोर्तुनाता : सप्टेंबरला पाऊस होता. बोट सुटलीच नाही. मी एकटीच होते, आणि एक कुत्रं येऊन बसलं होतं दाराशी.

नेनिता : डिसेंबर. झालं.

सिस्टर फोर्तुनाता : झालं.

नेनिता : उद्या फादरांपुढे पाप सांगून कुमसार करा, सिस्टर. मीही करीन. ते समजून घेतील, क्षमा मिळेल.

सिस्टर फोर्तुनाता : कुमसाराला पश्चात्ताप लागतो, इंदाय. पुन्हा करणार नाही, असं मनापासून म्हणावं लागतं. पुढच्या मे महिन्यात बँक पुन्हा रजिस्टर मागेल. तेव्हा काय सांगायचं? ते सात शब्द मी खोडून टाकीन म्हणून?

नेनिता : खोडलं तर जमीन जाईल, सिस्टर.

सिस्टर फोर्तुनाता : खोडणार नाही. त्याच्याही पुढच्या मे महिन्यात नाही. मग देवाकडे क्षमा कशाची मागू?

नेनिता : म्हणजे कुमसाराशिवाय तुम्हाला कम्युनियन घेता येणार नाही...

सिस्टर फोर्तुनाता : अठ्ठावन्न वर्षांत एक दिवस चुकवलं नव्हतं. तापातसुद्धा नाही. रडू नकोस, कापडावर डाग पडेल. आत्ताच इस्त्री केलंय.

नेनिता : मी काय करून बसले, सिस्टर.

सिस्टर फोर्तुनाता : पगार वेळेवर दे सगळ्यांचे. टेक्लाचा आधी. आणि येत्या शुक्रवारी पुरिताची मिस्सा आहे, तू ये. माझ्या जागेवर बस, पहिल्या बाकावर. फादर तिचं नाव घेतात, तेव्हा जवळून कुणीतरी आमेन म्हणायला लागतं.

नेनिता : आणि तुम्ही?

सिस्टर फोर्तुनाता : मी दाराशी बसेन.