चार दात

सन १९७४ च्या हिवाळ्यात नागपूरच्या एका इस्पितळात बाकावर बसलो असता, सावनेरकडील एका वृद्ध दांपत्याचे पुढील संभाषण माझ्या कर्णी पडले.

"मागच्या महिन्यात डॉक्टरनं गालाले कापूस लावला अन् तू किंचाळली. तवाच तो म्हणे, दुखणं नसेचं हाय, दाताचं नाही."

"अन् त्याच्या आंधीच तुमी माहे चार चांगले दात उपटवले!"

"चुकलंच वं."

"लग्नाच्या साली त्याच दातानं ऊस सोलून देत होती तुमाले."

"आठवते. गालावर रस ओघळे, मी पुसत होतो."

"आता काहून नाही पुसत?"

"हात लागला का तू रडे."

"गोळ्या खाऊन राहिली ना. आज पदर लागला, तरी दुखलं नाही."

"खरंच?"

"हात लावून पाहा."

"लोक पाहून राहिले वं."

"पाहू द्या."

मी आदरपूर्वक माझी दृष्टी खिडकीकडे वळविली.