एक तपासणी राहिली आहे

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची ज्येष्ठ डॉक्टर मंडळी, सिस्टर, वॉर्डातले सगळे कर्मचारी, माझ्यासारखे पेशंटांचे नातेवाईक, आणि ज्यांना निरोप देताना जीभ जड होते त्या आमच्या यकृताच्या डॉक्टर मॅडम, सर्वांना माझा नमस्कार.

पेशंटांच्या वतीने चार शब्द बोलायला मला सांगितलंय. खरं तर मला माईकची गरज नव्हती. शिलाईच्या दुकानात वाढलेली बाई मी, मशीनच्या आवाजावर बोलायची सवय!

मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, हे इथे कुणाला सांगायला हवं का? डोळे पिवळे दिसले की लोकांचा निकाल तयार: पीत असणार. माझ्या धाकट्या भावाचं तेच झालं. आमच्या दुकानात दादा, म्हणजे आमचा थोरला, कापड बेततो. धाकटा काजं-बटणं करायचा. हळूहळू त्याच्या हातातून सुई निसटायला लागली. बोलणं जड झालं, चालताना तोल जायला लागला. थेंब न घेता दारुड्याची सगळी लक्षणं! दुकान बंद करताना दादा त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. वास यायचा नाही, म्हणून जास्तच चिडायचा. म्हणायचा, "हल्ली बिनवासाचीपण मिळत असेल." एकदा तर त्याने गिऱ्हाइकांदेखत धाकट्याच्या कानाखाली काढली. तो कोलमडला. काहीतरी सांगत होता बिचारा, पण त्याचं बोलणं आम्हाला कळतच नव्हतं.

काविळीची औषधं झाली, नवस सोडून सगळं झालं, आणि मग आम्ही मॅडमकडे आलो. त्यांनीही आधी तेच विचारलं, "तुम्ही पिता का?" धाकट्याने नाही म्हणून मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "बरं." आणि त्यांनी ते खरं मानलं. तोवर कुणीच मानलं नव्हतं हो!

मग यंत्रातून त्याचे डोळे तपासले. बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं. रक्त, लघवी, सगळं झाल्यावर निदान झालं, विल्सनचा आजार. मॅडमनी आम्हाला समजेल असं सांगितलं. जेवणातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं. यकृत नको असलेलं बाहेर टाकतं. याचं यकृत ते टाकत नव्हतं. ते आधी यकृतात साठलं, मग मेंदूत. गोळ्या आहेत, त्या उपाशीपोटी, आणि आयुष्यभर. बरं वाटलं म्हणून सोडल्या तर पुन्हा जिवाशी गाठ. आज धाकटा समोर बसलाय. बोलणं अजून थोडं अडखळतं, पण सुई धरतो.

त्याच दिवशी मॅडमनी आणखी एक गोष्ट बजावली होती. हा आजार आईबापांकडून नकळत येतो, सख्ख्या भावंडांत चारात एकाला तो असू शकतो. त्रास सुरू होण्याआधी सापडला, तर यकृत शाबूत ठेवता येतं. मी लगेच तपासून घेतलं. मी सुटले. पण सुटले म्हणताना मला अजून बरं वाटत नाही.

आणि दादा? "मला काय धाड भरलीय?" मॅडम दर भेटीत विचारायच्या आणि दर वेळी दादाला गणवेशांची नाहीतर पडद्यांची ऑर्डर असायची. तो सुईला घाबरत नाही. आजार निघालाच, तर ज्या हाताने धाकट्याला मारलं तोच हात थरथरणार, हे त्याच्या मनाने घेतलंय.

आता जे सांगते ते सांगावं की नाही, यावर मी बराच विचार केला. मॅडमसाठी आम्ही एक पांढरा कोट शिवलाय. तो बेतायचा मान दादाने मागून घेतला. मी चहा घेऊन गेले, तर तो डाव्या हाताने उजवं मनगट धरून कापडावर रेघ ओढत होता. रेघ वाकडीतिकडी. मला पाहून म्हणाला, "खडू जुना झालाय." मी हो म्हटलं. खडू नवा होता, मीच सकाळी काढून दिला होता. दादा बाहेर गेल्यावर धाकट्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि अडखळत म्हणाला, "ताई, माझं असंच सुरू झालं होतं."

मॅडम, हात थरथरायला शंभर कारणं असतील, मला डॉक्टरकी कळत नाही. पण उद्या तुम्ही त्या खोलीत नसाल, आणि घरी सांगून सांगून माझा घसा बसलाय. दादा मागे भिंतीला टेकून उभा आहे, दोन्ही हात खिशात घालून.

दादा, कुठे निघालास? दार तिकडे आहे, पण मॅडम इकडे बसल्यात. धाकट्या, जा त्याच्याजवळ. ओढू नकोस, नुसता बरोबर चाल.

अध्यक्ष महोदय, निरोपाच्या सभेत मी घरचं सगळं चव्हाट्यावर मांडलं, ते आपण मोठ्या मनाने पोटात घाला. मॅडम, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, आणि जाता जाता पुन्हा कामालाच लावते आहे. सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. दादा, तुझी माफी मात्र आज मागणार नाही. आधी रक्त दे, मग जन्मभर माझ्याशी भांड.