नगाऱ्याला न दचकणारा राजपुत्र

मंडळी, आज एकच सवाल — आईनं मान कुणाचा राखायचा? घराण्याचा, की लेकराचा? घाई नको! आधी ऐका.

सोनसळ नावाचं संस्थान. तिथली रीत अशी — राजानं मामाचीच मुलगी करायची. सात पिढ्या! का? तर रक्त शुद्ध राहावं. हसताय काय? इथल्या निम्म्या सुनांच्या सासूबाई आत्याच आहेत!

राणी गुणवंताबाईंची सासूही आत्याच. दोन लेकरं पाळण्यातच गेली हो त्यांची! तिसरा जगला — रणधीर. बारशाला पाळण्याशेजारी नगारा वाजवला — धडाड्! पोर हललं नाही, रडलं नाही. दरबारी म्हणाले, "वाघ आहे वाघ! नगाऱ्यालाही भीत नाही!" हत्तीवरून साखर वाटली! आईनं मात्र ओळखलं. पोराला ऐकूच येत नव्हतं. पण सांगणार कुणाला? वीस वर्षं गप्प राहिली माउली.

रणधीर मोठा गोड पोर! आईशी खुणांनी बोलायचा, तिला हसवायचा. दरबाराला वाटे, राजपुत्र अबोल आहे! आणि राजेसाहेबांनी त्याची सोयरीक ठरवली — राणीच्या सख्ख्या भावाच्या लेकीशी!

राणी गाईला घास द्यायला गोठ्यात गेली, तर तिथं नवा वळू. तिनं गोठ्यातल्या गड्याला विचारलं, "मल्हारी, जुना तर चांगला धडधाकट होता रे?"

"व्हता की, आईसाब. पर त्याच्याच कालवडी आता वयात आल्या. घरच्या घरात वळू ठिवला तर वासरं अधू निपजत्यात. आमी तीन सालाला बदलतो."

मंडळी! गोठ्याला कळतं, ते गादीला कळू नये?

सुपारी फोडायचा दिवस. भरला दरबार. राणी पडद्याबाहेर आली! नगाऱ्याची टिपरी उचलली, आणि लेकाच्या पाठीमागं — धडाड्! सगळे दचकले. रणधीर वळलासुद्धा नाही.

"हे शौर्य नाही," ती म्हणाली. "माझ्या लेकराला ऐकू येत नाही. दोष त्याचा नाही, आपल्या रीतीचा आहे. भावाची लेक या घरात येणार नाही!"

राजा कडाडला, "आणि घराण्याचा मान?"

"दोन पाळणे दिले मानाला. आता नातवाचा नाही द्यायची!"

तेव्हा कुठं रणधीर वळला. आईचे डोळे पाहून खुणेनं विचारलं — काय झालं? तिनं खुणेनंच सांगितलं — बोलायला उशीर झाला, बाळा. सुपारी तशीच राहिली.

मामाची पोरगी हक्काची म्हणता ना? अहो, प्रत्येक घरी असंच होतं असं नाही. पण पिढ्यान् पिढ्या तेच केलं, तर एकदा डॉक्टरला विचाराल की नाही? राणीला तोंड उघडायला वीस वर्षं लागली. तुम्हाला इथून घरी जायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात ठरवा!