टिळेकरांची साक्ष

मंडळी, जरा पुढं सरका, मागं उन्हात बसू नका. आज एक प्रश्न विचारतो – तोंडानं न दिलेला शब्द, तो शब्द असतो का? माना हलवू नका, आधी ऐका.

मनोहर टिळेकर नावाचे गृहस्थ. विमान कंपनीत भाडं ठरवायचं काम. पायलट विमान उडवतो, हे आपली झोप उडवायचे!

त्यांच्या मार्गावर दुसरी एकच कंपनी. रीत अशी – टिळेकरांनी संगणकावर, समोरच्यालाही दिसेल असं, वाढीव भाडं लावायचं, पुढच्या महिन्यापासून म्हणून. आणि थांबायचं. समोरच्यानं तेवढंच वाढवलं, की पक्कं. नाही वाढवलं, तर गुपचूप मागं घ्यायचं. फोन नाही, भेट नाही. समोरचा काळा की गोरा, ठाऊक नाही. भाडं मात्र चढत गेलं.

शेवटी प्रवाशांनी खटला भरला – दोघांचं संगनमत आहे म्हणून. त्यांत एक बाई होती. आई शेवटच्या घटका मोजत होती, विमान परवडेना. रेल्वेनं निघाली, पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

कंपनीचे वकील म्हणाले, "टिळेकर, एवढंच सांगा, समोरच्या कंपनीशी आमचं कधी बोलणं झालं नाही. खोटं आहे का?"

"नाही."

"मग झालं. नोकरी सांभाळा."

घरी त्यांच्या पत्नी शालनताई मेथी निवडत होत्या. दुखण्यानं हात कापायचे, तरी मेथी त्यांचीच. टिळेकर शेजारी बसले.

"उद्या साक्ष ना?"

"हो. खरं तेच सांगणार. आम्ही बोललोच नाही कधी."

"बरं." थोडी मेथी निवडून झाली. "अहो, माझी वेणी कोण घालतं हल्ली?"

"मी."

"मी म्हटलं होतं, घाला म्हणून?"

"त्यात म्हणायचं काय? तू फणी ठेवून पाठमोरी बसलीस, मी घातली."

"म्हणजे आपलं काही ठरलेलं नाही. उद्या नाही घातलीत तरी चालेल."

मंडळी, आहे का कुणा वकिलाकडे उत्तर?

"अगं, नोकरी जाईल. तुझी औषधं…"

"औषधांचं बघू. ती लेक आईपाशी पोचली नाही हो."

दुसऱ्या दिवशी सुनावणीत विचारलं, "समोरच्या कंपनीशी बोलणं झालं?"

"कधीच नाही." वकील खूश. "पण ठरलेलं होतं, साहेब. मी कशासाठी थांबलोय, ते तिथं भाडं ठरवणाऱ्याला कळायचं. आणि त्याला कळलंय, हे मला."

नोकरी गेली. खटला अजून चालू आहे. शालनताईंची वेणी रोज होते.

आता तुम्ही. बाजारातले दोन दुकानदार शेजारीशेजारी बसलेत, खाली बघतायत – नावं घेत नाही. बाबांनो, भाव न बोलता ठरवला, तरी ते संगनमतच. पण गिऱ्हाइकाला नि घरच्याला न बोलता दिलेला शब्द मोडला, तर जाब विचारायला कोणी येत नाही. म्हणून तो आपणच पाळायचा. आणि ज्या माणसाशी तुमचं सगळं असं न बोलता ठरलंय, ते घरी वाट बघत असेल, तर प्रसाद घेऊन लवकर जा. सगळ्यांच्याच घरी कोणी वाट बघत नसतं.