तात्यांचा उतारा

कुलगुरू झाल्यावर आपल्याला कुणी प्रश्न विचारत नाही, असा माझा समज होता. निरवांगीच्या तात्यांनी तो मोडला.

त्यांची नात सोनाली आमच्या विद्यापीठात पहिली आली, म्हणून सत्काराला मी घरीच गेलो होतो. चहा येईपर्यंत माझी टकळी सुरू झाली. नवी इमारत झाली, मुलींचं वसतिगृह झालं, यंदा प्रवेशाला तर ही झुंबड!

तात्या म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. उतारा किती?"

मला वाटलं, विद्यापीठाच्या जमिनीचा विचारतायत. म्हटलं, "सातबारा ना? तो इंदापूरला, तहसील कचेरीत मिळेल."

"सातबारा न्हाय ओ, साखरंचा उतारा! आत ऊस किती गेला ते सांगितलंत. साखर किती निघाली?"

तेवढ्यात सोनाली पदक घेऊन बाहेर आली आणि मी सुटलोच. म्हटलं, "तात्या, ही बघा आमची साखर!"

तात्यांनी नातीकडं डोळे भरून पाहिलं, मग माझ्याकडं वळले.

"व्हय, पर ऊस आमच्या रानातला हाय, सायेब. तुमी नुसतं गाळप केलं."