आनसाबाईचा जबाब

मेधा: …आणि हा शेवटचा कागद, पेन्शन मंजूर झाल्याचा. संपली फाइल, बाबा.

भाऊसाहेब: हे कितवं पान?

मेधा: पानं कुठली आता? स्कॅन आहेत हे.

भाऊसाहेब: वर उजव्या कोपऱ्यात शाईनं आकडा घातलेला असतो. बत्तीस वर्षं भूमी अभिलेखात घासलीत मी, मला फाइल शिकवू नकोस. मघाशी माझ्या आईच्या लग्नाचा दाखला वाचलास, त्यावर कितीचा आकडा आहे?

मेधा: सहा.

भाऊसाहेब: आणि ह्या मंजुरीच्या कागदावर?

मेधा: …चौदा.

भाऊसाहेब: मग मधली सात पानं काय वाळवीनं खाल्ली?

मेधा: सुनेत्राने पाठवली नसतील. घाईत राहिली असतील.

भाऊसाहेब: तुझी मावसबहीण साताऱ्याच्या कचेरीत चार खेपा घालते, त्या कारकुनाच्या हातापाया पडून माझ्या आईची फाइल बाहेर काढते, आणि मधलीच पानं सोडून देते होय? मेधा, डाग माझ्या डोळ्यांत पडलाय, डोक्यात नाही. वाच.

मेधा: आधी चहा टाकते. सकाळपासून काही खाल्लं नाहीत तुम्ही.

भाऊसाहेब: चहा गेला खड्ड्यात! मला स्वतःला वाचता आलं असतं तर तुझ्या विनवण्या केल्या असत्या का?

सिद्धी: मॉम, ग्रॅहॅम फोनवर आहे. फ्रॉम द आरएसए. आजोबांच्या डॅडचं नाव हवंय त्याला. ही नीड्स इट बाय थ्री, मग ते प्रिंट करणार.

मेधा: सांग त्याला, आम्हीच करतो फोन थोड्या वेळात. आणि थँक यू म्हण.

सिद्धी: स्वीट ॲज, सांगते. आजोबा, आर यू ओके?

भाऊसाहेब: आहे, आहे. जा तू.

मेधा: बघा, माजी सैनिकांच्या संघाचा तो माणूस किती आपुलकीने करतोय. उद्या अँझॅक डेला, इथल्या शहीद दिनाला, त्यांच्या सैनिकांच्या नावांबरोबर आपल्या आजोबांचं नाव वाचणार आहेत. इटलीत मराठे आणि हे न्यूझीलंडचे किवी शेजारी-शेजारी लढले, हे त्याला ठाऊक होतं हो, मला नव्हतं! तुम्ही फक्त आजोबांची पदकं लावून उभं राहायचंय. बाकीचं कशाला उकरायचं?

भाऊसाहेब: कुठल्या बाजूला लावायची पदकं?

मेधा: उजव्या.

भाऊसाहेब: का?

मेधा: बाबा…

भाऊसाहेब: ज्यानं कमावली तो डावीकडं लावतो. त्याच्या मागं राहिलेलं रक्ताचं माणूस उजवीकडं. ग्रॅहॅमनंच सांगितलं ना? मग मी त्या माणसाच्या रक्ताचा आहे की नाही, हे कळल्याशिवाय मी हॉर्नबीच्या ह्या घराबाहेर पाऊल टाकणार नाही. हात जोडतो तुला.

मेधा: असं नका ना करू! कोण म्हणालं तुम्ही त्यांचे नाही म्हणून?

भाऊसाहेब: कोण म्हणायचं राहिलं ते विचार. बारा वर्षांचा होतो. तालमीत एका पोराला चितपट केला, तर उठून म्हणाला, कणश्यांचा केरबा तिकडं समुद्रापार मेला आणि तू इकडं आकाशातून पडलास काय रं? तसाच मातीनं भरलेला घरी गेलो. आई माझी मी चार वर्षांचा असतानाच गेलेली. आजीला विचारलं, म्हटलं, मी कुणाचा?

मेधा: मग?

भाऊसाहेब: अशी थोबाडीत दिली की कानात आठ दिवस शिट्टी वाजत होती. म्हणाली, परत विचारशील तर जीभ हासडीन. झालं. मी समजलो काय समजायचं ते.

मेधा: हे कधी बोलला नाहीत तुम्ही. आईला तरी सांगितलं होतंत?

भाऊसाहेब: कुणालाच नाही. पुढं मॅट्रिकला शाळेचा दाखला हातात आला. जन्मतारीख एक जून त्रेचाळीस. आणि वडिलांची बोट मुंबईहून सुटली सप्टेंबर बेचाळीसला, हे त्यांच्या पत्रात होतं. बोटांवर मोजलं. एकदा नाही, शंभरदा मोजलं. नऊ महिने बसतात, मेधा! त्या दाखल्यावर मी नोकरी केली, तुझ्या आईशी लग्न केलं, मान वर करून जगलो. तो दाखला अजून माझ्या पाकिटात आहे.

मेधा: अहो, पण एक जून… तुमच्या पिढीत अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो. मास्तरांनी लिहिलेली तारीख ती.

भाऊसाहेब: दिवस मास्तराचा, मान्य. साल तर कुणीतरी सांगितलं असेल ना? म्हणून म्हणतो, वाच. सातवं पान.

मेधा: मीच शेण खाल्लं. मला वाटलं, तुमच्या वाढदिवसाला भेट देऊ. आपल्या माणसांची नावं, वयं, गाव, सगळं ह्या पेन्शनच्या अर्जांत सापडतं म्हणे. इथे ऑफिसमधल्या बायका आपले आजे-पणजे असेच शोधतात. हौस आली मला!

भाऊसाहेब: पान सात.

मेधा: …«अर्जदार, गजराबाई कोम केरबा कणसे, वय वर्षे एकवीस. भ्रतार लढाईत कामास आला, ऑक्टोबर चव्वेचाळीस, मुक्काम इटली. पश्चात मूल एक. मुलगा, नाव भाऊ.»

भाऊसाहेब: वय?

मेधा: राहू द्या ना, बाबा.

भाऊसाहेब: मेधा, वय काय लिहिलंय?

मेधा: «वय तीन महिने.»

भाऊसाहेब: अर्जाची तारीख?

मेधा: बारा मार्च पंचेचाळीस.

भाऊसाहेब: म्हणजे डिसेंबर. डिसेंबर चव्वेचाळीस. …दीड वर्षानं तरुण झालो की मी!

मेधा: बाबा, पाणी घ्या.

भाऊसाहेब: रजा? मधे कधी रजेवर आले असतील?

मेधा: आठव्या पानावर पलटणीचं पत्र आहे. बोटीवर चढल्यापासून मरेपर्यंत हिंदुस्थानात पाय ठेवला नाही त्यांनी. कुणीतरी, भाऊबंदांपैकीच असणार, निनावी अर्ज केला होता, की मूल त्यांचं नाही, बाईला पेन्शन देऊ नका. म्हणून मामलेदारांनी चौकशी लावली.

भाऊसाहेब: आणि आई? आईनं काय सांगितलं?

मेधा: नववं. «सवाल, मूल कोणाचे? जबाब, माझे. सवाल, बाप कोण? जबाब नाही. सवाल पुन्हा केला. जबाब नाही. बाई रडते सबब थांबलो.» एवढंच आहे.

भाऊसाहेब: समासात बघ. कारकून काही वेळा समासात टिपतात.

मेधा: नाहीये.

भाऊसाहेब: पाठीमागं असेल. पाठकोरा कागद असतो, त्यावर पुसटसं पेन्सिलीनं… मोठं करून बघ गं. एक नाव. कसलंही असू दे. चोराचं असू दे, मला चालेल!

मेधा: नाही हो बाबा, नाही! पहाटेपासून दहा वेळा बघितलंय मी.

भाऊसाहेब: मग झालं तर. फोन लाव त्या ग्रॅहॅमला. नाव काढून टाक म्हणावं.

मेधा: थांबा जरा.

भाऊसाहेब: कशाला थांबू? ऐंशी वर्षं एका मेलेल्या माणसाचं नाव चोरून वापरलं मी. तुला दिलं, तुझ्या पोरीला दिलं. तो बिचारा परमुलखात गोळी खाऊन पडला आणि इथं मी त्याच्या नावावर जेवलो. उद्या परक्या देशात चारशे माणसांसमोर त्याची पदकं छातीवर मिरवू? माझ्यानं नाही व्हायचं. मला घरी पाठव. तिकीट काढ.

मेधा: अजून पानं आहेत.

भाऊसाहेब: नको मला.

मेधा: दहा ते बारा. आनसाबाईंचा जबाब. तुमच्या आजीचा.

भाऊसाहेब: त्या म्हातारीचा? तिचं तर मुळीच नको. जन्मात कधी मांडीवर घेतलं नाही मला. पहाटे चारला लाथ घालून उठवायची, अभ्यासाला बस म्हणून. माझ्या जेवणात तूप पडलं नाही की डोक्यावर हात फिरला नाही. तिनं काय दिवे लावले असतील ते मला माहीत आहे. सुनेचं वाटोळं करायला बोलावल्यावर कुठली सासू मागं राहते!

मेधा: मघाशी तुम्ही हात जोडलेत ना? आता मी जोडते. ऐका. ही पानं मी लपवायला नको होती, पण सातवं वाचल्याशिवाय ही वाचता येत नव्हती.

भाऊसाहेब: …वाच. लवकर वाच.

मेधा: «मी आनसाबाई कोम बाबाजी कणसे, वय अंदाजे पन्नास, धंदा शेती, देवाची शपथ घेऊन सांगते. मयत केरबा माझा एकुलता मुलगा. सवाल, मूल मयताचे आहे काय? जबाब, होय. सवाल, मयत अडीच वर्षांपूर्वी बोटीने गेला. त्यानंतर घरी आल्याची नोंद पलटणीत नाही. जबाब, पलटणीचे पलटणीस ठाऊक. गेल्या साली होळीच्या सुमारास तो रात्री घरी आला. दार मी उघडले. उजाडण्यापूर्वी गेला.»

भाऊसाहेब: होळी. …होळी ते डिसेंबर.

मेधा: हो. «सवाल, परमुलखातून पासाशिवाय शिपाई येऊ शकत नाही. जबाब, आईकडे यायला पोराला पास लागत नाही.»

भाऊसाहेब: साफ खोटं! धडधडीत! युद्ध सोडून इटलीहून साताऱ्याला एका रात्रीत?

मेधा: साफ खोटं. पुढे ऐका. «सवाल, मयताच्या विधवेचा दावा फेटाळला गेल्यास पेन्शन मयताची आई म्हणून तुम्हास मिळेल, हे समजते काय? जबाब, वाचून दाखवले, समजले. सवाल, तरीही जबाब कायम आहे काय? जबाब, कायम आहे. नाळ मी कापली. पाचवी मी पुजली. नाव मी ठेवले. हे मूल माझ्या केरबाचे आहे. यापरते कोणी बोलल्यास त्यास माझ्यापुढे उभे करावे. निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.»

भाऊसाहेब: परत वाच.

मेधा: सगळं?

भाऊसाहेब: «हे मूल» पासून.

मेधा: «हे मूल माझ्या केरबाचे आहे. यापरते कोणी बोलल्यास त्यास माझ्यापुढे उभे करावे.»

भाऊसाहेब: पोटचा गोळा गेला होता तिचा. सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. आणि सून… आणि तिला माहीत होतं. तिला सगळ्यात जास्त माहीत होतं!

मेधा: हो.

भाऊसाहेब: नुसतं एकदा नाही म्हणायचं होतं. खरं बोलायचं होतं फक्त. पेन्शन घरात, सून घराबाहेर, आणि मी… मी कुठं गेलो असतो गं?

मेधा: माहीत नाही.

भाऊसाहेब: शाळेत मला तिनंच घातलं. साडेचार वर्षांचा असणार मी, आता कळतंय. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला तरच पोराला घ्यायचे त्या वेळी. माझा हात टाळूपर्यंतसुद्धा पोचेना. मास्तर म्हणाले, लहान आहे, पुढच्या साली आणा. ती शाळेच्या दारात फतकल मारून बसली. म्हणाली, सहा पुरी झालीत त्याला, अंगानं बारीक आहे, लिहा. संध्याकाळपर्यंत हलली नाही. मला वाटायचं, घरातली ब्याद बाहेर घालवायला बसली.

मेधा: साल त्यांनीच सांगितलं होतं.

भाऊसाहेब: ती थोबाडीत… मी विचारलं तेव्हा. मला वाटलं, लाज वाटली म्हणून मारली.

मेधा: रडा बाबा. मी आहे इथे.

भाऊसाहेब: ती मेली तेव्हा मी दहाव्यालासुद्धा पूर्ण थांबलो नाही. मोजणीचं काम आहे म्हणून दुपारच्या एसटीनं निघून गेलो. बत्तीस वर्षं लोकांचे खोटे जबाब पकडले मी, मेधा. वाक्य ऐकूनच ओळखायचो. आणि जिच्या हातचं जेवलो तिचं एक ओळखू नये मला?

मेधा: मामलेदारांनी ओळखलं असणार. तेराव्या पानावर त्यांचा शेरा आहे. «साक्षीदार बाई विश्वासू दिसते. अधिक चौकशीचे कारण नाही.»

भाऊसाहेब: भला माणूस.

(सिद्धी फोन हातात घेऊन पुन्हा दारात येते.)

सिद्धी: सॉरी, मॉम. ग्रॅहॅम अगेन. प्रिंटरवाला थांबलाय. ते करतायत का आजोबा, ऑर नॉट?

मेधा: बाबा, तुम्हाला नको असेल तर मी नाही सांगते. कुणी काही म्हणणार नाही. तुम्ही म्हणाल तसं.

भाऊसाहेब: नाव सांग त्याला. केरबा बाबाजी कणसे. सावकाश सांग, त्याला लिहू दे.

सिद्धी: केरबा… बाबाजी… कणसे. येस. हँग ऑन. आजोबा, तो विचारतोय, नातं काय लिहू? यू अँड द सोल्जर.

मेधा: बाबा… काय सांगू दे तिला?

भाऊसाहेब: मुलगा म्हणावं. आनसाबाईनं शपथेवर लिहून दिलंय, ते खोडणारा मी कोण?